‘तुम्ही जरा बाहेर बसा’

ताई, नमस्कार.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, ऊसपट्ट्यातलं. वस्ती साडेतीन हजाराच्या आसपास. डिसेंबर २०२२ ला निवडणूक लागली तेव्हा सरपंचपद सर्वसाधारण महिलेसाठी राखीव होतं. मी गावच्या विकास सोसायटीत दोन वेळा संचालक, गावात उठबस, म्हणून पॅनेलनं उमेदवारी आमच्याच घरात दिली. आमच्या मंडळींना उभं केलं आणि थेट जनतेतून निवडून आणलं. ती बारावी शिकलेली आहे, पण घर आणि रान सोडून कुठं गेलेली नव्हती. पहिली तीन वर्षं कारभार मीच बघितला. ती सह्या करायची, झेंडावंदनाला यायची. लोकही मलाच सरपंच म्हणायचे.

मध्यंतरी ती तीन दिवस प्रशिक्षणाला गेली आणि आल्यापासून रोज अकराला ग्रामपंचायतीत जायला लागली. सहीचा डोंगल माझ्याकडं असायचा, तो मागून घेतला. गेल्या मासिक सभेत मी नेहमीच्या जागी बसलो होतो, तर सगळ्या सदस्यांसमोर म्हणाली, ‘तुम्ही जरा बाहेर बसा.’ भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, खाली बघून हसले. त्या दिवसापासून घरात बोलणं कामापुरतं. कट्ट्यावरची पोरं ‘माजी सरपंच आले’ म्हणतात. उपसरपंच विरोधकांबरोबर चहा पितोय, अविश्वास आणतील असं दिसतंय. पुढच्या वेळेला आमचं गाव खुलं निघालंय, मी स्वतः उभा राहणार आहे, तोवर माझी पत राहिली पाहिजे. तिचा राजीनामा घेऊन मोकळं व्हावं असं एक मन म्हणतं. मानधनाचं एटीएम कार्ड अजून माझ्याकडंच आहे, ते तिनं मागितलेलं नाही, म्हणजे तिच्या मनात तसं काही नसावं. माझं काय चुकलं?

एक कारभारी, वाळवा तालुका

भाऊ,

‘एक कारभारी’ ही सही वाचली आणि माझा चहा गार झाला. आपल्याकडं बाई नवऱ्याला कारभारी म्हणते आणि गाव चालवणाऱ्यालाही कारभारीच म्हणतात. तुम्ही तीन वर्षं दोन्ही अर्थांनी कारभारी होता. त्यातला एक अर्थ तिनं आता परत मागितला, तर तुम्हाला वाटतंय दुसराही गेला. तसं असतं तर ती ‘बाहेर बसा’ म्हणाली नसती, ‘घरी जा’ म्हणाली असती.

आधी दुखलं त्याचं बोलू. चारचौघांत असं ऐकून घ्यायला कुणालाच बरं वाटत नाही, त्यात भाऊसाहेब हसले म्हणजे मिरचीच लागली असणार. (तीन वर्षं सगळे कागद तुमच्याच हातून फिरवून घेणाऱ्या भाऊसाहेबांना खरं तर हसायचं काही कारण नव्हतं.) पण जरा आठवून बघा, तिनं हे घरी आधी सांगितलं नव्हतं का? भाकरी थापताना सांगितलं असेल, धारा काढताना सांगितलं असेल, ‘उद्या सभेला मी एकटीच जाते’ असं. तुम्ही ‘हं’ म्हणून मोबाइल बघत बसला असाल. मी पैजेवर सांगते, सभेतलं वाक्य पहिलं नव्हतं. तुमच्या कानात शिरलेलं ते पहिलं होतं.

एवढ्या खात्रीनं सांगते कारण माझ्याही घरात हेच झालं. तुम्ही कृष्णेच्या खालच्या अंगाला, मी वरच्या अंगाला, एवढाच फरक.

१९९७ ला आमचा पंचायत समितीचा गण, म्हणजे मतदारसंघ, महिलेसाठी राखीव झाला. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झालेली, एक तृतीयांश जागा बायकांच्या. (निम्म्या व्हायला महाराष्ट्रात २०११ उजाडलं.) आमच्या ह्यांना पक्षानं विचारलं, ‘घरातलं कोण देता?’ घरात मी आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या, म्हणून मी. निवडून आले. पहिल्या सभेला हे मला एम-एटीवरून घेऊन गेले आणि मागच्या रांगेत खुर्ची टाकून बसले. साहेब प्रश्न माझ्याकडं बघून सुरू करायचे आणि ह्यांच्याकडं बघून संपवायचे. चहाचा कप आधी ह्यांना. वर्षभर मी तिथं पदर सावरत बसले आणि सांगितलं तिथं हात वर केला. खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचंही वाटायचं. चुकलं तर ह्यांचं चुकणार होतं.

मग एके दिवशी एसटी स्टँडवर आमच्याच गणातली एक बाई भेटली. डोक्यावर रिकामी कळशी, बहुतेक दुरुस्तीला आणलेली. मला म्हणाली, ‘बाई, आमच्या वस्तीवर हातपंप बसलाय म्हणं. कागदावर तुमचं नाव हाय. तेवढा पंप कुठं बसवलाय ते दावा, म्हंजी पानी भराय बरं.’ टिंगल नव्हती हो त्यात. तिला खरंच वाटलं होतं की पंप कुठंतरी आहे आणि त्यांना सापडत नाहीये. मी घरी येऊन पिशवीतले कागद काढले. झालेल्या कामांची यादी होती, सभेत मंजूर केलेली, त्यात ती वस्ती होती, आणि हात वर करणाऱ्यांत मी होते. यादी वाचलीच नव्हती. ह्यांनी वाचली होती का, विचारलं. म्हणाले, ‘एवढं कोण वाचतं?’

पुढच्या सभेला मी ह्यांना दारातच म्हटलं, तुम्ही समोरच्या टपरीवर थांबा. तुमच्या मंडळींपेक्षा मी जरा हळू बोलले, एवढंच. त्या रात्रीपासून आठ दिवस ह्यांनी स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं. त्या काळात आमच्याकडं पुरुषाचा याहून कडक निषेध नव्हता. सासूबाई घाबरल्या, पोराला कुणी करणी केली म्हणून.

पण टपरीवर बसून ह्यांना वेगळीच माहिती मिळायला लागली. निराधारच्या पगारासाठी खेटे घालणाऱ्या म्हाताऱ्या तिथंच टेकायच्या. कुठल्या टेबलावर किती मागतात ते तिथं बोललं जायचं. कुठला रस्ता कागदावर दोनदा झाला तेही. आत सभागृहात यातलं काही येत नव्हतं, तिथं ‘विषय क्रमांक चार, मंजूर’ एवढंच. हे पानपट्टीच्या कागदावर टिपून ठेवायचे आणि संध्याकाळी एम-एटीवर मागं बसल्या बसल्या मी ऐकायची. पुढच्या सभेत मी त्यावर प्रश्न विचारायची. उरलेली चार वर्षं आम्ही तसंच काम केलं. तो हातपंपही बसला, दीड वर्षानं. राग पूर्ण गेला का? नाही. पुढं कधी भांडण झालं की ‘आम्ही काय, बाहेर बसणारी माणसं’ हे एक वाक्य ठरलेलं असायचं. ते मी शेवटपर्यंत ऐकलं. चालायचंच.

आता तुमच्या डोंगलकडं येते, कारण पत्रात सगळ्यात घातक गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता सांगितलीत.

वित्त आयोगाचा पैसा आता चेकनं जात नाही. भाऊसाहेब बिल ऑनलाइन चढवतात आणि सरपंचाची डिजिटल सही पडली की रक्कम ठेकेदाराच्या खात्यावर जाते. तो डोंगल म्हणजे तिचं नाव, तिचा अंगठा, तिची सही, सगळं एका काडीत. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ला आला तेव्हापासून त्यात आहे, की सही जिच्या नावाची, ती सांभाळायची जबाबदारीही तिचीच. तीन वर्षं तो तुमच्या खिशात होता. दुचाकीच्या किल्लीला अडकवलेला असणार, बहुतेकांचा असतो. पिनसुद्धा तुमच्याच डोक्यात. म्हणजे तीन वर्षांत जी बिलं निघाली, त्यांतल्या प्रत्येकावर ती बाई कोर्टात उभी राहू शकते, आणि तिला विचारलं की ‘हे गटाराचं काम कुठल्या गल्लीत झालं?’ तर तिला गल्ली सांगता येणार नाही. लेखापरीक्षणाचा आक्षेप तुमच्या नावानं येणार नाही, भाऊ. वसुली निघाली तर सात-बाऱ्यावर तिचं नाव असो नसो, नोटीस तिच्या नावाची निघेल. ‘मी फक्त सही केली, बघायचे आमचे हे’ असं सांगून आजवर कुणी सुटलेलं मला माहीत नाही.

तेव्हा पत कशी राखायची हे नंतर बघू. आधी दोन संध्याकाळी तिच्याबरोबर जमिनीवर बसा. नमुना पाचची रोकड वही, सभांचं प्रोसिडिंग म्हणजे इतिवृत्त, मोजमाप पुस्तिका, सगळं समोर घ्या आणि तीन वर्षांत तिच्या नावानं काय काय केलंत ते एकेक काम करून सांगा. ठेकेदार कोण, का त्यालाच दिलं, किती बिल निघालं, किती राहिलं. वर्गणी म्हणून कुठं काही दिलं-घेतलं असेल तर तेही. लाज वाटेल. वाटू द्या. महिला आणि बालकल्याणाचे दहा टक्के कुठं गेले हे तिला आधीच कळलं असावं असा माझा अंदाज आहे. उत्पन्नातले दहा टक्के त्यासाठी खर्चायचे असतात, हे प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात. परत आल्यावर बाईनं वही उघडली असेल, आणि त्या रकान्यात शिलाई मशीन दिसलं असेल, जे गावात कुणाच्याच घरात नाही. किंवा असेल, उपसरपंचाच्या पुतणीकडं. तुम्ही विचारता, ‘माझं काय चुकलं?’ मला वाटतं हे झालं.

राजीनाम्याचं तर मनातूनच काढा. ‘राजीनामा घेणं’ असं कायद्यात काही नाही, जिनं द्यायचा तिनं आपल्या मनानं द्यायचा. धाक घालून लिहून घेतलात तर त्या कागदाचं पुढं काय होईल ते गावातल्या कुठल्याही वकिलाला विचारा. आणि साडेतीन हजार वस्तीच्या गावाला पुन्हा मतदानाला लावायचं कशासाठी? तुम्हाला सभेत खुर्ची मिळाली नाही म्हणून? हे कारण प्रचाराच्या पत्रकावर छापता येईल का बघा.

अविश्वासाची भीतीही तुम्ही जरा फुगवून घेतली आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, ती गेली. आता आणायचा तर तीन-चतुर्थांश सदस्य लागतात आणि त्यानंतर ग्रामसभेत गुप्त मतदान. म्हणजे शेवटी गावालाच विचारावं लागतं. उपसरपंच सगळ्या सदस्यांना चहा पाजेल, पण सगळ्या गावाला पाजणार आहे का? ग्रामसभेत मतपेटीपुढं जाणाऱ्या बाया कुणाला ओळखतात ते बघा: कट्ट्यावर दिसणाऱ्या तुम्हाला, की रोज अकराला ऑफिसात सापडणाऱ्या तिला. खरं सांगायचं तर ती आत जाऊन बसली, त्यानं तुमच्या घराची बाजू भक्कम झाली आहे. ‘सरपंच बाई नावालाच, नवराच सगळं करतो’ हाच विरोधकांचा सगळ्यात चांगला मुद्दा असतो. तो तिनं एका वाक्यात काढून घेतला, तोही तुम्हालाच बाहेर बसवून. राजकारण तिला तुमच्यापेक्षा लवकर कळतंय असं मला दिसतंय.

अडचण येणारच नाही असं नाही म्हणत. खुर्चीवर बसलेल्या बाईला उठवायला लोक काय काय शोधून काढतात ते मी बघितलंय. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावच्या सरपंचबाईंना सरकारी जागेवर राहतात असा ठपका ठेवून पदावरून काढलं होतं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०२४ ला न्यायालयानं त्यांना पद परत दिलं. बाई सरपंच झाली हे गावाला पचलं नाही, यावर न्यायाधीशांनी बोट ठेवलं. तेव्हा घराच्या आणि गोठ्याच्या जागेचे कागद, शौचालय, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या हे सगळं आजच बघून घ्या. गोठ्याची भिंत रस्त्यावर हातभर जरी आली असेल तरी तुम्हीच काढा, कुणी अर्ज करायच्या आत. हे काम तुमच्या हातचं आहे, आणि ते सभेत बसून होत नाही.

तुमच्यासारखे नवरे काही वाळव्यातच नाहीत. उत्तरेत त्यांना प्रधानपती म्हणतात, आपल्याकडं सरपंचपती. २०२३ ला हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तिथून पंचायत राज मंत्रालयाकडं आला, मंत्रालयानं समिती नेमली, आणि समितीनं अशा नवऱ्यांना जरब बसेल अशी शिक्षा करा म्हटलं. मला दंडाबिंडाचं फार कौतुक नाही. दंडाची पावती फाडली तरी ती रक्कम नवराच भरणार, घरच्याच पैशातून. मला विचाराल तर एवढंच बघावं: गावातला माणूस सकाळी सात वाजता दाखल्याचा कागद घेऊन तुमच्या अंगणात आला, तर तुम्ही काय म्हणता? आजवर म्हणत होता, ‘ठेव कागद, सही घेऊन ठेवतो.’ उद्यापासून म्हणा, ‘थांब, सरपंच आत आहेत, बोलावतो.’ आणि आत जाऊन चुलीपुढून तिला उठवा, दुधाकडं तुम्ही बघा. उतू गेलं तर गेलं. पहिले चार दिवस जीभ वळणार नाही. पाचव्या दिवशी गावच तुमच्या अंगणात येऊन ‘सरपंच आहेत का?’ विचारायला लागेल, तेव्हा ते तुम्हाला उद्देशून नसेल, याची तयारी ठेवा.

मासिक सभा सदस्यांची असते. बोलायचं त्यांनी, हात वर करायचा त्यांनी, अध्यक्षस्थानी ती. तिथं कुणी कुठं बसावं हे सांगायचा तिला अधिकार आहे, तो तिनं वापरला. ग्रामसभा मात्र तुमचीही आहे. तिथं मतदार म्हणून उभे राहा, काय विचारायचं ते सगळ्यांसारखं विचारा. बायकोला विचारायला लाज वाटत असेल तर भाऊसाहेबांना विचारा, त्यांच्या हसण्याची भरपाईही होईल. आणि त्याआधी महिला सभा होते का, तेवढं बघा. कायद्यानं ती ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती फक्त वहीत होते, आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई घरोघरी सह्या घेत फिरतात. तुमच्या गावात ती खरी व्हावी म्हणून गल्लीत सांगावा देणं, सतरंज्या टाकणं, पोरं सांभाळायला बाप्ये बसवणं हे सगळं संचालक राहिलेल्या माणसाला चांगलं जमतं.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला झोपू देईना त्याकडं येते. ‘पुढच्या वेळेला आमचं गाव खुलं निघालंय, मी स्वतः उभा राहणार आहे.’

भाऊ, खुलं म्हणजे पुरुषांसाठी राखीव असं कुठं लिहिलंय? सर्वसाधारण जागेवर कुणीही उभं राहू शकतं, तीसुद्धा. पण तुम्ही ते इतकं सहज लिहून गेलात की पाहुणे गेल्यावर मालक आपल्या पलंगावर झोपतो तसं वाटलं. राखीव पाच वर्षं म्हणजे पाहुणचार, खुली म्हणजे आपलं घर.

हे तुमच्या एकट्याचं नाही. २००२ ला आमचा गण खुला झाला. पाच वर्षं काम केलं होतं, वस्त्या पायाखाली घातल्या होत्या, कुठल्या शाळेचा पत्रा उडालाय ते मला पाठ होतं. तिकीट ह्यांच्या चुलतभावाला गेलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि नवलाची गोष्ट म्हणजे मीही मागितलं नाही. मला वाटलं, आपली पाळी संपली. प्रचाराला मात्र पुढं होते, बायकांच्या कोपरा सभा मीच घेतल्या, चुलतदिरांना निवडून आणलं. ते सभेत काय बोलले हे पाच वर्षांत कुणी ऐकलं नाही. पक्षाचा राग मला नंतर आला, कित्येक वर्षांनी, एका लग्नात पंगतीला वाढताना. पण पहिला राग माझ्यावरच आहे. मागायला तोंड होतं आणि मी ते शिवून घेतलं.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांकडं नीट बघा म्हणजे हा हिशेब कळेल. माझ्या साताऱ्यात आठ आमदार, तुमच्या सांगलीत आठ. विधानसभेला महिलांसाठी राखीव जागा नाहीत, सगळं खुलं. २०२४ ला या सोळा जागांवर किती बायका निवडून आल्या? एकही नाही. एकट्या सातारा जिल्ह्याला चार मंत्री मिळाले, चौघेही पुरुष. राज्यात २८८ मध्ये २१ बायका. आणि त्याच मातीतल्या ग्रामपंचायतींत निम्म्या सरपंच बायका, कारण तिथं आरक्षण आहे. विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ ला झाला खरा, पण त्यातच जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट घालून ठेवली.

आधी कुणी झाल्याच नाहीत असं नाही. प्रेमलाकाकी चव्हाण कराडमधून लोकसभेवर गेल्या. शालिनीताई पाटील महसूलमंत्री होत्या, सांगलीच्या खासदार झाल्या, पुढं कोरेगावातून आमदार. आर. आर. आबा पाटील गेल्यावर २०१५ ला सुमनताई पाटील तासगावातून आल्या, २०१९ ला पुन्हा आल्या. यांच्यातल्या कुणालाच मी कमी लेखत नाही. काकींच्या सभेला माझी आई चालत गेली होती. पण दार कुठून उघडलं बघा: कुणी नवऱ्याच्या मागं, कुणी नवरा गेल्यावर. नुसत्या स्वतःच्या कामाच्या जोरावर, खुल्या जागेवर, गावातून वर आलेली बाई शोधायला लागले की माझी बोटं मोकळी राहतात. (सावित्रीबाईंचं नाव मी मुद्दाम घेत नाही. नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं. ३ जानेवारीला तिथं हार घालायला सगळे येतात, त्यातले किती जण तिकीट वाटताना घरी बसून असतात ते विचारू नका.)

आणि तुमचा तालुका तर क्रांतिसिंह नाना पाटलांचा. त्यांची लेक हौसाताई इंग्रजांविरुद्धच्या पत्रीसरकारच्या दिवसांत त्यांच्या तूफान सेनेबरोबर डाक बंगले जाळायला जात होत्या. बाहेर बसा असं त्यांना कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

तर पुढच्या निवडणुकीचं काय? तुम्ही उभं राहू नका असं मी म्हणणार नाही. तुमचाही हक्क आहे, कामही असेल. पण उभं राहायच्या आधी घरात विचारा. नुसतं ‘मी उभा राहतोय’ असं कळवू नका, विचारा: ‘तुला पुन्हा उभं राहायचंय का?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. ती लगेच ‘नको बाई’ म्हणेल, मीही म्हटलं असतं. ते पहिलं उत्तर धरू नका. आठ दिवसांनी पुन्हा विचारा, रानात, कुणी नसताना. ती हो म्हणाली तर मग पॅनेलच्या बैठकीत जाऊन तिचं नाव तुम्हाला मांडावं लागेल, आणि तुमच्याच मित्रांची तोंडं वाकडी होतील. ती तुम्हाला सोसायची आहेत. नाही म्हणाली तर खुशाल उभे राहा, तिची पाच वर्षांची कामं सांगून मतं मागा. पण ‘मी केलेली कामं’ म्हणू नका. गावाला सगळं माहीत असतं.

कट्ट्यावरच्या पोरांचं मनावर घेऊ नका. आमच्या ह्यांना टपरीवाला ‘सभापती’ म्हणून चहा द्यायचा, मी कधी सभापती नव्हतेच. हे तो चहा प्यायचे.

घरात बोलणं कामापुरतं आहे म्हणता, तर कामापासूनच सुरुवात करा. पुढच्या मासिक सभेच्या दिवशी अकराच्या आधी दुचाकी काढा, तिला ग्रामपंचायतीच्या दारात सोडा, आणि सरळ सोसायटीत नाहीतर रानात जा. दारात घुटमळू नका. संध्याकाळी ती आली की काय झालं विचारा. सल्ला देऊ नका, तिनं मागेपर्यंत. मागेल. तीन वर्षांचे कागद तुम्हालाच माहीत आहेत, कुणाला विचारणार ती?

आणि एटीएम कार्डाबद्दल तुमचा समज साफ चुकला आहे. तिनं ते मागितलं नाही म्हणजे तिच्या मनात काही नाही असं नाही. ती बघतेय, तुम्ही स्वतःहून देता का. तुमच्या वस्तीच्या गावाला मानधन २०२४ पासून महिना आठ हजार झालंय, ते तिच्या खात्यावर जमा होतं आणि ते तिनं सरपंच म्हणून कमावलेलं आहे. हे पत्र वाचून झालं की कार्ड पाकिटातून काढा आणि देव्हाऱ्यात नाही, फ्रिजवर नाही, तिच्या हातात द्या. पिन बदलून घे म्हणावं.

तुमची ताई